आज्ञा पाळते, पण त्यात प्रेम कुठे आहे?

हिशेबवाली (चिंचवड)

सर्वांना सलाम. प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या योहान १४:१५ वर संदेश दिला. येशू म्हणतो, माझ्यावर तुमची प्रीती असली तर तुम्ही माझ्या आज्ञा पाळाल. वचन पाठ आहे, संडे स्कूलमध्ये त्यावर बक्षीससुद्धा मिळालं होतं. पण या वेळी ते डोक्यातून जाईना.

मी भोसरीत एका छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये हिशेब बघते. बिलं, जीएसटी, पगारपत्रक आणि फोन. खरं काम फोनचंच. शेठची केबिन माझ्या टेबलासमोर, मध्ये काच. पैसे मागणाऱ्याचा फोन आला की मी त्यांच्याकडे बघते आणि ते काचेआडून पंजा हलवतात. म्हणजे 'नाहीत म्हणून सांग'. मी 'नाहीत' म्हणत नाही. 'ते आत्ता फोनवर येणार नाहीत, निरोप लिहून घेते,' एवढंच म्हणते. सुरुवातीला यावरून बोलणी खाल्ली, आता शेठ नुसतं तोंड वाकडं करतात. मागची तारीख टाकून चलन कर म्हटलं तरी मी हात लावत नाही. ऑफिसातले मला 'मिशनरी' म्हणतात. चिडवायलाच, पण थोडा मानही आहे त्यात.

तर आज्ञा पाळते. अडचण ती नाही. अडचण अशी की हे करताना माझ्या मनात देवाबद्दल प्रेमबिम काही नसतं. पोटात गोळा असतो. माझे पप्पा शाळामास्तर, फार कडक. त्यांचं ऐकायचो ते ओरडा बसू नये म्हणून. ते घरात नसले की आम्ही भावंडं मोकळी. देवाशीही माझं तसंच चाललंय की काय असं वाटतं. फरक इतकाच की हे पप्पा कधी घराबाहेर जातच नाहीत.

आणि प्रेम म्हणून जे काही वाटतं ते रविवारी, गाताना. तेव्हा खरंच भरून येतं, रुमाल काढावा लागतो. पण तेव्हा मी कुठली आज्ञा पाळत असते? उभी असते आणि गात असते. म्हणजे प्रेम रविवारी आणि आज्ञा सोमवार ते शनिवार. दोघांची गाठच पडत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तू फार विचार करतेस, झोप."

तर विचारायचं हे. प्रेम वाटत नसताना नुसतं पाळलेलं देवाला चालतं का? आणि दुसरं म्हणजे 'प्रेम असेल तर ऐकशील' हे वाक्य आपल्याकडे माणसं एकमेकांना पिळायला वापरतात, सासवांपासून प्रियकरांपर्यंत सगळे. येशूच्या तोंडी तेच वाक्य आलं की ते वेगळं कसं होतं?

वचनांची यादी नको, यादी माझ्याकडे आहे. तुमचं रोजचं कसं चालतं ते सांगा.

---

कृपापुत्र

ताई, तुम्ही अजून नियमशास्त्राखाली जगताय. इफिस २:८-९ वाचा. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही. खोटं न बोलून कोणी स्वर्गात जात नाही. पवित्र आत्म्याने भरून जा, आज्ञा आपोआप पाळल्या जातील. उपास-प्रार्थना करा, भीती निघून जाईल. आमेन.

---

स्लॅबवाला (संगमनेर)

ताई, मी बांधकाम ठेकेदार. छोटी कामं घेतो, बंगले, रो हाऊस. मला गाताना कधी रडू येत नाही. मागच्या बाकावर असतो, सूरही लागत नाही. त्यामुळं प्रेम वाटण्याच्या विषयात मी अडाणी. पाळण्याबद्दल थोडं सांगतो.

आमच्या धंद्यात बिगाऱ्याचा एक आठवडा हातात ठेवायची पद्धत आहे. म्हणजे या शनिवारी द्यायचे ते मागच्या शनिवारपर्यंतचे पैसे. कारण उघड आहे, पैसे अडकलेले असले की माणूस दुसऱ्या साइटवर पळत नाही. सगळे करतात, मजूरही तसं धरूनच चालतात. आता बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात काय आहे, की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. आमच्यासारखे लोक या वचनातलं 'द्यावी' तेवढं ऐकतात. नियम मोडला तर धंद्याला बरकत राहणार नाही, ही काळजी. पुढचं 'त्याचं मन' हे कुणी ऐकत नाही.

कधी शनिवारी चारनंतर साइटवर येऊन बघा. माल कालवणारी बाई घमेलं उचलते, पण नजर गेटकडं. किराणावाल्याची मागची उधारी दिल्याशिवाय तिला पुढचं सामान मिळत नाही, आणि रविवारचा बाजार त्याच पैशावर. देवानं आज्ञा देताना नियम नंतर लिहिला, आधी त्या बाईची नजर बघितली, असं मला वाटतं. आमचे पाळक कदाचित हसतील याला.

मी आठवडा हातात ठेवत नाही. शनिवारी पाचच्या आत हजेरीवही काढायची, उचल वजा करायची, चुकता करायचं. त्यासाठी मालकाकडून आधीच लिहून घ्यावं लागतं: प्लिंथला किती, स्लॅबला किती, वीटकाम, प्लास्टर, कुठल्या टप्प्याला काय, आणि पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी. मालक त्याला तयार नसला तर ते काम घेत नाही, आणि हो, चांगली कामं गेलीत अशी. शिवाय हातात पैसे पडले की काही गडी सोमवारी गायब होतात. स्लॅबच्या आदल्या दिवशी दोन बिगारी कमी झाले की काय होतं ते धंदेवाल्यालाच विचारा. देव काही ते गडी परत आणून देत नाही.

आता तुमचं. तुम्ही खोटं बोलत नाही, चांगलंय. तुमच्या बाजूचा हिशेब चोख. पण फोनच्या पलीकडं जो माणूस आहे त्याला 'निरोप लिहून घेते' ऐकून काय मिळालं? त्याचे पैसे अजून शेठकडंच आहेत ना? राग मानू नका.

---

मिरजेची सिस्टर (निवृत्त)

स्लॅबवाले बरोबर बोलले, पण पोरीला एकदम पेचात नका टाकू. मी तिचा दुसरा प्रश्न आधी घेते, तो जास्त अवघड आहे.

अगं, ते वाक्य चौदाव्या अध्यायातून एकटं काढून वाचलं की सासूच्या तोंडचंच वाटतं. पण त्याच रात्री, त्याच जेवणाला, तो उठून कमरेला रुमाल बांधतो आणि सगळ्यांचे पाय धुतो. तेरावा अध्याय. त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही धुतो; यहूदा त्यानंतर बाहेर पडलाय, आधी नाही. मग म्हणतो, मी जशी तुमच्यावर प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करा. कुठली आज्ञा म्हणशील तर ही. आणि तुझ्या पाठ असलेल्या वचनाला लागूनच पुढे काय आहे? मी पित्याला विनंती करीन आणि तो तुम्हांला दुसरा कैवारी देईल. पिळणारा माणूस 'प्रेम असेल तर' म्हणतो आणि मजा बघत बसतो. इथं सांगणाऱ्यानं आधी पाय धुतलेत, आणि सांगून झाल्यावर सोबत कुणाला तरी पाठवतोय. सासूनं सुनेचे पाय धुतल्याचं तू ऐकलंयस कुठं? निर्गमातही बघ, दहा आज्ञा सुरू होण्याआधी तो म्हणतो, मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणलं. लोक समुद्र ओलांडून आलेत, मग आज्ञा मिळतात तो सीनाय डोंगर येतो. ऐकलंत तर सोडवीन असं मिसरात कुणी म्हटलं नव्हतं.

कृपापुत्र भाऊ, तुम्ही इफिसच्या दुसऱ्या अध्यायात नवव्या वचनावर गाडी थांबवली. दहावं वाचा, सत्कर्मांचं. आणि 'आपोआप' म्हणाल तर साठी उलटली तरी माझ्याकडून आपोआप काही झालेलं नाही.

आता तुझा पहिला प्रश्न, पोरी.

मी नर्सिंग मिरजेत शिकले, डॉ. वानलेसांनी १८९४ साली उभ्या केलेल्या मिशन हॉस्पिटलात. नोकरी पुढं दुसरीकडं झाली. नाइट ड्यूटीला टीपीआर घ्यायचं असतं, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. ताप थर्मामीटर सांगतो. नाडी मनगटाला लागते. श्वास मात्र पूर्ण मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो, आणि वॉर्ड भरलेला. मग काय करतात? सगळ्यांच्या नावापुढं २० लिहून टाकतात. जुने चार्ट काढून बघ कधी, ओळीनं २०, २०, २०. जसा काही सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय.

आमच्या ट्यूटर सिस्टरनी शिकवलेली रीत अशी. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथंच ठेवायची, घड्याळ बघायचं, आणि तिरक्या नजरेनं छाती किती वेळा वर येते ते मोजायचं. पेशंटला सांगायचं नाही. आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, मग तो आकडा कामाचा राहत नाही.

मी मोजायचे. आणि खरं सांगू, बहुतेक वेळा निघायचे १८, २०, २२. म्हणजे न मोजता लिहिणारीचा आकडाही जवळजवळ बरोबरच! सुपरवायझर दोन्ही चार्टांवर सारखीच सही करायची. मोजलं म्हणून शाबासकी नाही, न मोजलं म्हणून कुणाला मेमो नाही. पहाटे चारला पोटऱ्या भरून आलेल्या असतात तेव्हा माझ्या मनात देवाबद्दल काही गोड विचार नसायचे. चहाचे असायचे. पण तेवढा एक मिनिट त्या माणसाचं मनगट माझ्या हातात असायचं आणि मला दुसरं काहीच करता यायचं नाही. तेव्हा माणसं बोलायची. कुणाची लघवी संध्याकाळपासून अडलेली, दिवसाच्या तरुण सिस्टरला सांगायची लाज वाटलेली. कुणाच्या उशीखाली पैसे, सुनेला कळू नये म्हणून. एक आजोबा रोज विचारायचे, पाऊस पडला का? त्यांच्या वावरात पेरणी व्हायची होती. वीस लिहून पुढं गेलेलीला हे कोण सांगणार?

तू आज्ञा पाळता पाळता स्वतःच्याच प्रेमाचा श्वास मोजायला उभी राहतेस. मोजायला गेलीस की ते बिघडणारच. सोडून दे. ते मोजायचं काम तुझ्याकडं दिलेलंच नाही. तुझ्याकडं टेबल आहे, फोन आहे, आणि फोनवर माणूस आहे.

आणि वाटत नसताना केलेलं चालतं. मत्तय २१ मधले दोन मुलगे आठव. बाप दोघांना मळ्यात कामाला जा म्हणतो. एक बापाला 'जातो' म्हणाला आणि गेला नाही. दुसरा 'जात नाही' म्हणाला, मग वाईट वाटून गेला. गेला तो मळ्यात गाणी म्हणत गेला असं कुठं लिहिलेलं नाही. धुसफुसतच गेला असेल. बापाच्या मनासारखं त्यानंच केलं.

भीतीचं मात्र वेगळं आहे. पूर्ण प्रीती भीती घालवून देते असं योहान म्हणतो, पण किती दिवसांत ते सांगत नाही. पप्पांच्या धाकात किती वर्षं काढलीस बघ. तेवढा वेळ देवालाही दे.

---

वसईकर

मी कॅथलिक, आमच्या पद्धती थोड्या वेगळ्या, तरी लिहितो.

मिस्सात, म्हणजे आमच्या रविवारच्या उपासनेत, ख्रिस्तशरीर घ्यायच्या आधी शेजाऱ्याला शांती द्यायची असते. आमच्या भागात जमिनीचे भाव चढल्यापासून भावाभावांत कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, आणि तेच भाऊ रविवारी त्याच देवळात. शांती देताना माणसं काय करतात ते बघण्यासारखं असतं. उजवीकडच्याला हात जोडले, डावीकडच्याला जोडले, मागं वळूनही जोडले. दोन बाक पुढं सख्खा भाऊ उभा असतो, तिकडं नजर जात नाही. डोळे एकदम भक्तिभावानं मिटलेले.

मत्तय ५ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर म्हटलंय. आमच्या आईनं ते शब्दशः धरलं. सातबाऱ्यावरच्या एका नावावरून मामाशी बोलणं बंद होतं. ती एका रविवारी मिस्साला जायच्या आधी सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन मामाच्या ओट्यावर जाऊन बसली. मामा बाहेर आला नाही. मामीनं पुडा घेतला, पाणी दिलं, संपलं. पुढच्या महिन्यात आई परत गेली. आम्ही मुलं चिडलो होतो, आपली बाजू खरी असताना हिनं का जायचं म्हणून. आई म्हणाली, "खरी बाजू वकिलाला सांगा, मला कशाला सांगता?"

केस अजून चालू आहे. मामा अजून बाहेर येत नाही. पुडे जातात.

ताई, तुमच्या शेठसाठी प्रार्थना करता का कधी? टोमणा नाही, खरंच विचारतोय. पैसे दाबणारा माणूसही बऱ्याचदा कुणाच्या तरी फोनची वाट बघत बसलेला असतो.

---

हिशेबवाली (चिंचवड)

सगळ्यांचे आभार. स्लॅबवाले दादा, राग आला होता, रात्रीपर्यंत गेला.

आज देण्यांची फाइल काढून बसले. सगळ्यात जास्त फोन एका पावडर कोटिंगवाल्या काकांचे असतात. दोन भट्ट्या, चार माणसं, एवढाच त्यांचा पसारा. आवाज कायम हळू, आधी 'मॅडम, जेवलात का?' विचारणार आणि मग पैशांचं. त्यांची तीन बिलं थकलीत, सगळ्यात जुनं दोन महिन्यांच्या पुढचं. त्यांची उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे. २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या, कायद्यानं अशा पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर व्याज. आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली आहे: मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंत पैसे दिलेच नाहीत, तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हे मला चांगलं माहीत आहे, रिटर्नच्या वेळी तेच तर बघत असते. पण काकांचा फोन आला की मला फक्त माझ्या तोंडून 'नाहीत' जाऊ नये एवढंच दिसायचं.

तर उद्या त्या तीन बिलांची यादी शेठच्या टेबलावर ठेवणार. वर पेन्सिलनं लिहून देणार की हे अडकवून टॅक्स किती वाढतो. मिशनरी म्हणून नाही, हिशेबनीस म्हणून. ते ऐकतीलच असं नाही.

वसईकर, शेठसाठी प्रार्थना केलेली नाही. त्यांच्याविरुद्ध केली आहे, ती धरत असतील तर.

सिस्टर, मनगटाचं लक्षात ठेवते. फक्त एक सांगा, हे मी काकांसाठी करतेय की इथं येऊन तुम्हाला सांगता यावं म्हणून... जाऊ दे. परत मोजायला लागले.

---

स्लॅबवाला (संगमनेर)

ताई, शेठ आल्या आल्या यादी पुढं करू नका. चहा होऊ द्या. आणि टॅक्सचा आकडा पेन्सिलनं नको, पेनानं लिहा, मोठा. खाली '३१ मार्चच्या आत' असं. धंदेवाला बाकी काही वाचत नाही.

---

मिरजेची सिस्टर (निवृत्त)

आणि तिन्ही बिलं एकदम मागू नकोस, सगळ्यात जुनं माग. काकांना अर्धे मिळाले तरी चालतील का, हे त्यांचा फोन आला की विचारून ठेव. जेवलात का, ते आधी विचार.